एक शब्दकोश घेणे आहे

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जन्मात शब्दकोश लागत नाही, अशी माझी परवापरवापर्यंत प्रामाणिक समजूत होती. आमचे सगळे आयुष्य दोन शब्दांत भागते : नावे आणि जमा. त्यातला जमेचा शब्दही पगाराच्या दिवशीच लागतो. उरलेला महिना पहिल्याच शब्दावर निघतो.

पण आमच्या चिरंजिवांनी जपानी शिकायचे ठरवले. पुण्यात हे वेड नवे नाही. ज्या घरांतून पूर्वी दिवेलागणीला परवचा ऐकू यायचा, त्या घरांतून आता 'वाताशी वा' ऐकू येते. डिसेंबरात एन-फाइव्हची परीक्षा. क्लासच्या सेन्सेईंनी सांगितले की एक चांगला जपानी-इंग्रजी कोश घ्या. सेन्सेई म्हणजे बाई. मूळच्या सदाशिव पेठेतल्याच, पण क्लासचा उंबरा ओलांडला की त्या सेन्सेई होतात आणि आम्ही पालकसुद्धा कमरेत वाकतो.

"अहो, बँकेतून येताना अप्पा बळवंत चौकातून तेवढा कोश घेऊन या," सौ. म्हणाली. "आणि कुकरच्या रिंगसारखं करू नका."

मागे मी तीन लिटरच्या कुकरला पाच लिटरची रिंग आणली होती. त्याला आता चार वर्षे झाली. पण आमच्या घरात काही नोंदी कधीच खोडल्या जात नाहीत.

दुकानात गेलो. "जपानी-इंग्रजी कोश हवाय."

"कोणता?"

"चांगला."

"वाईट आम्ही ठेवत नाही," दुकानदार वर न बघता म्हणाले. "खिशात मावणारा, टेबलावर मावणारा, की टेबलाला न पेलणारा?"

वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता आकाराचा आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात जी काही गडबड उडाली ती आकाराची नव्हती. मी तिन्ही कोशांत एकच शब्द उघडून पाहिला. खिशातल्या कोशाने एका शब्दात अर्थ सांगितला. टेबलावरच्याने चार सांगितले. तिसऱ्याने दीड रकाना घेतला आणि शेवटी मला मूळ शब्द कोणता होता तेच आठवेना. तिघांतला खरे बोलणारा कोणता? मी रिकाम्या हाताने घरी आलो.

आता, बाकीची माणसे रिंग आणायला जातात आणि रिंग आणतात. मी आधी कुकरचा इतिहास वाचतो. तसा कोशांचाही वाचला. १६०३ साली जेझुइट पाद्र्यांनी नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला, सुमारे बत्तीस हजार शब्दांचा. आणि गंमत पाहा, त्यांचे छपाईयंत्र युरोपातून जपानला गेले ते आपल्या गोव्यावरून! वाटेत १५८८ साली एका जपानी तरुणाचे लॅटिन भाषण त्याच यंत्रावर गोव्यात छापले गेले होते. पुढे १८६७ साली हेपबर्न नावाच्या अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्याने जपानी-इंग्रजी कोश केला आणि तो छापायला शांघायला गेला. आपला मोल्सवर्थ साहेब त्याच्या छत्तीस वर्षे आधीच, १८३१ साली, मराठी-इंग्रजी कोश छापून मोकळा झाला होता, हे वाचून मला उगाचच छाती फुगल्यासारखे वाटले. आम्हां मराठी माणसांना अभिमानाला एवढे पुरते.

अभिमानाला आणखी एक जागा सापडली. जपानी कोश उघडला की शब्दांचा क्रम असतो अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणजे आपली बाराखडीच, फक्त अधूनमधून गळालेली. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्यातून ही मांडणी तिकडे रुजली. मी चिरंजिवांना म्हटले, "अरे, हे तर घरचंच आहे!"

"बाबा, थांबा," तो म्हणाला आणि त्याने एक कांजी पुढे ठेवली. "हा शब्द शोधून दाखवा."

इथे माझा अभिमान संपला. कांजी म्हणजे चिनी चित्रलिपीतले चिन्ह. सरकारी यादीप्रमाणे नित्याच्या वापरातली २,१३६. कोश लागतो उच्चाराप्रमाणे, आणि चिन्हाकडे बघून उच्चार कळत नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ पाहायचा तर तो शब्द आधी माहीत असला पाहिजे! चिरंजिवांना हा छळ वाटला. मला मात्र एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. खाते उघडायला पत्त्याचा पुरावा पाहिजे. आणि पूर्वी पत्त्याचा पुरावा काय, तर दुसऱ्या बँकेचे पासबुकही चालायचे. कर्ज त्याला मिळते ज्याला त्याची गरज नाही, आणि अर्थ त्याला मिळतो ज्याला तो ठाऊक आहे. जगातल्या सगळ्या काउंटरांचा नियम एकच.

यावर नेल्सन नावाच्या मिशनऱ्याने १९६२ साली तोड काढली. त्याच्या कोशात चिन्ह आकारावरून शोधायचे. पारंपरिक २१४ मूळ घटकांपैकी यात कोणता आहे ते ओळखायचे आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. मी बँकेत लागलो तेव्हा जाडजूड लेजर नुकतीच निवृत्त होत होती. त्यांत माणूस असाच सापडायचा. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि एवढे करून तो निघायचा भलताच.

एका चिन्हाचे उच्चार तरी किती असावेत? 'जीवन' या अर्थाचे एक चिन्ह आहे. गाकुसेईत, म्हणजे विद्यार्थ्यात, ते 'सेई' असते. इश्शोत, म्हणजे जन्मभर या शब्दात, ते 'शो' होते. इकिरु म्हणजे जगणे, तिथे 'इ'. उमारेरु म्हणजे जन्मणे, तिथे 'उ'. आणि नामाबीरु म्हणजे पिंपातली ताजी बियर, तिथे ते 'नामा' होऊन बसते.

"म्हणजे सेन्सेईंच्या 'सेई'त आणि बियरच्या 'नामा'त एकच अक्षर?" सौ.ने विचारले. हो म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. क्लासची फी तिने भरली होती.

उलट बाजूचाही घोळ आहेच. 'कोशो' असा उच्चार घ्या. त्याचे अर्थ डझनावारी. वाटाघाट म्हणजे कोशो. उच्च अभिरुचीचे ते कोशो. तोंडोतोंडी आलेली परंपरा कोशो, जमिनीतला खनिजाचा साठा कोशो, आणि खदखदून हसणे तेही कोशो. आमच्या वेतनकराराच्या वाटाघाटीत शेवटचा अर्थ आम्ही प्रत्यक्ष अनुभवलेला आहे.

"बाबा, कशाला एवढं? फोनवर फुकट आहे," चिरंजीव म्हणाले. खरेच आहे. मेलबर्नच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने १९९१ साली सुरू केलेला कोश आज कितीतरी ॲपांच्या पोटात आहे. बोटाने चिन्ह काढा, शब्द हजर. पण मी चिरंजिवांचे निरीक्षण केले. फोनवर सात अर्थ येतात आणि तो पहिला वाचून पुढे जातो. म्हणजे कोश कितीही मोठा असो, वाचणारा त्याला खिशातला करून टाकतो.

शेवटी मी सेन्सेईंनाच गाठले.

"केन्तो शिमासु याचा अर्थ सांगा," त्यांनी उलट मलाच विचारले.

मी पाहून सांगितले, "आम्ही यावर विचार करू."

"आणि जपानी कंपनीतला माणूस तुम्हांला असं म्हणाला, तर?"

"तर विचार करतील."

"बरेचदा ते 'नाही' असतं," सेन्सेई म्हणाल्या. "कोशातला अर्थ बरोबरच आहे. पण तो शब्दाचा आहे, बोलण्याचा नाही."

मला हसू आले, कारण हा धडा मला जपानला जाऊन शिकायची गरज नव्हती. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलतो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. जिना उतरताना मला आजोबा आठवले.

सातआठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त मास्तर माझ्या काउंटरवर मुदत ठेवीचा फॉर्म घेऊन आले. सर्व्हर तासाभराने नुकताच शुद्धीवर आलेला, रांग दारापर्यंत गेलेली. त्यांनी विचारले, "नॉमिनी म्हणजे काय हो?"

मी मान वर न करता म्हणालो, "वारस, आजोबा. तुमच्यामागे पैसे ज्याला द्यायचे त्याचं नाव लिहा."

"मग मृत्युपत्र वगैरे?"

"ठेवीपुरतं नाही लागत."

त्यांनी मुलीचे नाव लिहिले. म्हातारपणी तीच त्यांचे करत होती. दोन मुलगे परगावी होते. पुढे मास्तर गेले. बँकेने नियमाप्रमाणे पैसे मुलीच्या हाती दिले. आणि भाऊ आले. कायद्याने त्यांचे बरोबरच होते. नॉमिनी हा वारस नसतो. बँकेने पैसे कोणाच्या हातात ठेवून मोकळे व्हायचे, एवढेच ते नाव सांगते. पैसे कोणाचे, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या ठेवींबाबत हे २०१० साली स्पष्ट सांगितले आहे. मृत्युपत्र नव्हते. तीन भावंडांत तीन वाटे झाले.

ती बाई एकदा शाखेत आली. भांडायला नव्हे. एवढेच म्हणाली, "बाबा सांगायचे, बँकेतल्या साहेबांनी सांगितलंय, वेगळा कागद लागत नाही." मला आयुष्यात साहेब कोणी म्हटलेले नाही. पहिल्यांदा म्हटले ते असे.

आता प्रश्न असा की, मी खोटे बोललो होतो का? अज्ञान म्हणावे, तर तो फरक मला ठाऊक होता. प्रशिक्षणात शिकवला होता, मी वहीत उतरूनही घेतला होता. फसवायचा हेतू तर मुळीच नव्हता. मी फक्त लांब अर्थाचा आखूड अर्थ केला. पण कोणाच्या सोयीसाठी? मास्तरांच्या नव्हे. त्यांना तर हवा तेवढा वेळ होता. घाई माझी होती आणि अर्धा अर्थ त्यांच्या वाट्याला गेला. खिशातल्या कोशाच्या कव्हरावर निदान 'पॉकेट' असे छापलेले असते. माझ्या कपाळावर तसे काही छापलेले नव्हते.

तुम्ही म्हणाल, मग सगळे सविस्तर सांगावे. तेही आम्ही करतो. नियम आणि अटींची बारीक टायपातली पाने ग्राहकाला देतो आणि तीन ठिकाणी सही घेतो. त्यात सगळे खरे असते आणि कोणालाही काही कळत नाही. केन्क्युशा या प्रकाशनाचा महाकोश आहे. २००३ सालच्या पाचव्या आवृत्तीत शब्द आणि उदाहरणे मिळून ४ लाख ८० हजारांच्या घरात नोंदी. विद्वानांचे दैवत. पण तो मुळात इंग्रजी लिहिणाऱ्या जपान्यांसाठी केलेला आहे, म्हणून त्यातल्या वाक्यांवर कांजीचे उच्चार छापलेले नाहीत. एन-फाइव्हच्या पोराने तो उघडला तर त्यातले सत्य त्याला दिसेल, वाचता येणार नाही. कोशाचा दोष नाही. तो ह्याच्यासाठी लिहिलेलाच नाही. आमच्या अटींची पानेही ग्राहकासाठी लिहिलेली नसतात; ती पुढेमागे वकिलांना दाखवण्यासाठी असतात. म्हणजे अर्धे सांगूनही फसवता येते आणि सगळे सांगूनही. ज्याला सांगायचे त्याच्याकडे मान वर करून पाहिले की नाही, एवढाच खरा प्रश्न उरतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चौकात गेलो आणि मधला कोश घेतला. शब्द बेताचे, पण प्रत्येकाला दोनतीन वाक्ये, आणि कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार. दुकानदार म्हणाले, "एवढ्यासाठी दोन खेपा?" मी म्हटले, "पहिल्या खेपेला कोश कोणासाठी ते विचारलं नव्हतंत." ते पुण्याचे असूनही गप्प बसले. घरी सौ.ने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "बसला बाई बरोबर." चार वर्षांनी ती रिंगची नोंद निदान पुसट झाली असावी.

गेल्या आठवड्यात एक आजी काउंटरवर आल्या. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे वारसच ना रे बाबा?"

मी पेन खाली ठेवले. "नाही आजी. गावाला जाताना तुम्ही शेजारणीकडे किल्ली ठेवता ना? नॉमिनी म्हणजे ती शेजारीण. किल्ली तिच्याकडे, म्हणून घर तिचं होत नाही. घर कोणाचं, ते वेगळ्या कागदावर लिहावं लागतं. तो कागद केलाय का?"

आजी विचारात पडल्या. मग त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. मी तिन्हींची उत्तरे दिली. मागे रांग खाकरू लागली. एक गृहस्थ पुढे येऊन ओरडले, "इथे काय शिकवणी उघडली आहे काय? मी वर तक्रार करीन तुमची!"

"जरूर करा," मी उठून, थोडेसे कमरेत वाकून म्हणालो. "आम्ही तिच्यावर अवश्य विचार करू."