समोरच्याचा भरवसा

श्रद्धा आणि देश हे शब्द आपण फार मोठ्याने उच्चारतो. सभेत, मिरवणुकीत, शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा! त्यांचा अर्थ नीट ऐकावयाचा असेल, तर मनुष्याने एकदा तरी गर्दीतून उठून एकट्याने लांबचा रस्ता धरावा, असे मला वाटते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तो धरला. पंढरपूरहून निघून सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूर. ६०० किलोमीटरहून अधिक. गाडीत मी एकटाच. बोलावयास कोणी नसले म्हणजे मन स्वतःशीच वाद घालू लागते.

वादाला प्रारंभ करून दिला तो समोरून येणाऱ्या ट्रकांनी. कोणाच्या माथ्यावर 'आई तुळजाभवानी प्रसन्न', कोणाच्या काचेवर ७८६, नांदेडच्या आसपास 'वाहेगुरू'. प्रत्येकाचा देव निराळा. परंतु वळणावर प्रत्येक जण आपली डावी बाजू धरून येतो आणि अंधार पडला की समोरच्यासाठी दिव्याचा झोत खाली करतो. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. तरी मी माझा जीव त्याच्या शहाणपणावर सोपवून खुशाल गाडी हाकीत असतो. न पाहिलेल्या माणसावर टाकलेला हा भरवसा म्हणजेच श्रद्धा नव्हे काय? आणि अशा कोट्यवधी भरवशांची बेरीज म्हणजेच देश नव्हे काय?

उत्तर गोड होते. पण मास्तराला फार लवकर आलेल्या उत्तराची शंका येते. ज्या पंढरपुरातून मी निघालो, तेथे महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कूस कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. पण त्या अस्थीही दाराबाहेरच राहिल्या! चोखोबांच्या भावंडांसाठी ते दार उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

चोखोबांच्या भरवशात काय उणे होते? काहीच नाही. उणे होते ते समोरच्यात. एकट्याने कितीही नेमाने डावी बाजू धरली आणि समोरचा अंगावर आला, तर त्या नेमाचे काय करावयाचे? म्हणून मला वाटते, 'श्रद्धा ठेव' असे दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार दार अडवून उभ्या राहिलेल्याला नाही. त्याने आधी बाजूला व्हावे.

बाजूला होऊन जागा दिल्याने श्रद्धा उणावत नाही, हे नांदेडला कळते. तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिले, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पंढरीच्या शिंप्याचे शब्द पंजाबात गुरूच्या आसनावर बसले! 'तू आमचा हो, मग तुझे शब्द घेतो' असे त्यांना कोणी म्हटले नाही.

नागपूरला दीक्षाभूमीवर मात्र हा विचार अधिक कठीण होतो. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराचा निश्चय बोलून दाखविला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी काय केले? ज्या समाजाने त्यांना पाणी नाकारले, त्याच समाजासह साऱ्या देशाच्या संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. धर्म सोडला, देश सोडला नाही. धर्म बदलला की देशावरची माया पातळ होते, असे म्हणणाऱ्याने या भूमीवर घटकाभर उभे राहावे.

त्या संविधानाच्या उद्देशिकेत 'विश्वास' आणि 'श्रद्धा' हे शब्द शेजारीशेजारी आहेत. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. समोरच्याने कसे वागावे हे आता केवळ त्याच्या मर्जीवर राहिले नाही. तरीही कायदा रस्त्यावर पांढरा पट्टा आखू शकतो. रात्री आडवळणावर दिव्याचा झोत खाली करावयाचा की नाही, हे गाडी हाकणाऱ्याच्या हाती. तेथे पोलीस नसतो. तेथे असते ती फक्त आपली माणुसकी.

या दिवसांत घरोघर दिवे लागतील, फराळाची ताटे या दारातून त्या दारात जातील. अशा वेळी आपली श्रद्धा किती खोल आहे, हे आपण आपल्याच मनाला विचारतो, आणि मन नेहमी सोयीचे उत्तर देते. ते समोरून येणाऱ्याला विचारावे. आपल्याला पाहून त्याला हायसे वाटत असेल, तर आपला देवही खरा आणि आपला देशही खरा.