ओल्यासुक्याचा विवेक

वेदान्तात शिरू पाहणाऱ्या माणसाला चार पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांतली पहिली म्हणजे नित्यानित्यवस्तुविवेक. टिकणारं काय आणि नासणारं काय, हे ओळखता येणं. पूर्वी त्यासाठी घरदार सोडून गुरूच्या आश्रमात राहावं लागे. आता ती सोय घरोघर झाली आहे. ओट्याखाली दोन डबे असतात, एक हिरवा नि एक निळा. नासणारं ते हिरव्यात, न नासणारं ते निळ्यात. सकाळी सातच्या आत हा विवेक पुरा व्हावा लागतो, कारण सव्वासातला घंटागाडी येते आणि ती मुमुक्षूंसाठी थांबत नाही.

सांगायला हे सोपं आहे. केळ्याचं साल हिरव्यात, वर्तमानपत्र निळ्यात, इथवर कुणीही ब्रह्मज्ञानी होतो. खरी परीक्षा पुढे. नारळाची करवंटी नासते हे खरं, पण आपल्या हयातीत नासेल का? कागदाचा म्हणून मिळणारा चहाचा पेला आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावून बसलेला असतो; म्हणजे बाहेरून साधू आणि आतून संधिसाधू. टी-बॅगमधला चोथा ओला, दोरा सुका, मग त्या दोघांना जोडणारी इवलीशी पिन कुणाची? अशा प्रश्नांवर आमच्याकडे वाद झाला की मी शास्त्राधार काढतो आणि आमची ही तेवढ्यात ती वस्तू तिला हव्या त्या डब्यात टाकून मोकळी होते. वादात जिंकण्याची ही रीत कुठल्याच दर्शनात सांगितलेली नाही, पण गुणकारी आहे. त्यात २०१६ सालच्या नियमांनी तिसरा पंथ काढला, घरगुती घातक कचऱ्याचा. जुन्या बॅटऱ्या, सीएफएल दिवे, मुदत संपलेली औषधं वगैरे. या शेवटच्या कलमाखाली तळमजल्यावरच्या आजोबांचं अख्खं कपाट घातक ठरलं.

प्लॅस्टिकच्या डब्याबाटल्यांच्या बुडाशी एक बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. पुष्कळांची समजूत अशी, की त्रिकोण दिसला म्हणजे त्या वस्तूला पुनर्जन्म नक्की. तसं काही नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे पाडले, ते प्लॅस्टिक कुठल्या जातीचं हे ओळखण्यापुरते. तो आकडा म्हणजे गोत्र. गोत्र सांगता आलं म्हणून लग्न जमतंच असं नाही. पाण्याच्या बाटलीचं गोत्र १, शांपूच्या बाटलीचं बहुधा २. यांना स्थळं भराभर येतात. पण वेफर्सच्या चकचकीत पुडीत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात, की सहजासहजी त्यांचा काडीमोड होत नाही, आणि तसं जोडपं भंगारवाला दारात उभं करत नाही.

आता गंमत पाहा. ‘पर्यावरण’ हा शब्द आमच्या आईने आयुष्यात उच्चारला नसेल. पण पिशवीतलं दूध घरात आल्या दिवसापासून पिशवीचा कोपरा कापताना तो पुरता सुटू द्यायचा नाही, असा तिचा दंडक होता. सुटा तुकडा मोरीच्या जाळीत अडकतो म्हणून. मग पिशवी विसळायची आणि ओट्यामागच्या फरशीवर थापटून चिकटवायची. वाळली की आपोआप गळून पडे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींपेक्षा दुधाच्या पिशव्या जास्त असत. महिन्याअखेर रद्दीवाला आला की त्याच्या काट्याकडे पाहून आई म्हणे, “अहो, दांडी मारू नका, पिशव्या कोरड्या खडखडीत आहेत!” येतील त्या पैशांत हिंगाची डबी निघे. आज तज्ज्ञ मंडळी नेमकं हेच सांगतात: कोपरा तोडू नका, तो चिमुकला तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, पिशवी धुऊन, वाळवून द्या.

इथे मला एक प्रश्न छळतो. आई हे करी ते पृथ्वीसाठी नव्हे, हिंगासाठी. मग ते पुण्य म्हणायचं की काटकसर? जर्मनीत कांट नावाचा एक तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याच्या मते कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्यालाच नैतिक मोल. फायद्यासाठी बरोबर वागलात, तर वागणं बरोबर, पण मार्क नाहीत. हा गृहस्थ रोज ठरल्या वेळी फिरायला निघे आणि लोक त्याच्यावर घड्याळं लावत, असं म्हणतात. आमच्या आईला तो भेटता, तर तिने त्याच्या हातात पिशवी दिली असती: “जाताच आहात तर येताना कोथिंबीर आणा.” आणि ती पिशवी बाबांच्या जुन्या पँटची असती.

पिशवीवरून आठवलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नाले तुंबले, आणि तुंबवणाऱ्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं नाव पुढे आलं. त्यानंतर महाराष्ट्रात ५० मायक्रॉनच्या आतल्या पिशव्यांना बंदी आली. २०१८ च्या मार्चमध्ये पिशव्या सरसकटच बंद झाल्या; पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. जूनमध्ये प्रत्यक्ष अंमल सुरू झाला, त्या आठवड्यात आमच्या मंडईत जो तो कापडी पिशवी छातीशी धरून हिंडत होता. नंतर हळूहळू भाजीवाल्यांच्या गोणपाटाखालून पातळ पिशव्या पुन्हा डोकावू लागल्या. “काका, आत ठेवा पटकन.” मी नको म्हणतो. मग माझ्याकडे असं पाहिलं जातं, की जणू मीच काहीतरी बेकायदा मागितलंय.

कापडी पिशवीचं माझं हे व्रत परवा भाच्याने मोडीत काढलं. म्हणाला, “मामा, २०१८ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी खात्याने हिशेब केलाय. सुती पिशवी हवामानापुरती फिटायला ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, खतं, सगळंच धरलं तर ७,१०० वेळा!” मी कागदावर भागाकार केला. रोज एकदा मंडईत गेलो तर साडेएकोणीस वर्षं. पण हिशेबात दोन फटी सापडल्या. एक, तो नव्याकोऱ्या पिशवीचा आहे. बाबांच्या पँटने आपलं सुताचं कर्ज पिशवी होण्यापूर्वीच कचेरीच्या खुर्चीवर फेडलेलं असतं. दुसरं म्हणजे, पिशवी नाल्यात गेली की गाईच्या पोटात, हे त्या आकड्यांत धरलेलंच नाही. म्हणून कापडी पिशव्या हौसेने विकत घेत सुटण्यातही अर्थ नाही. घरात आहेत त्याच झिजेपर्यंत वापराव्या, इतकंच त्यातून निघतं. आईचंच म्हणणं, फक्त डेन्मार्कमार्गे.

खरा हल्ला मात्र तिसऱ्या मजल्यावरून येतो. तिथे न्यायखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते म्हणतात, “तुम्ही वरती वेगळं करता आणि खाली गाडीत दोन्ही एकत्र ओतलं जातं. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग हा खटाटोप कशासाठी?”

पाहिलंय मीसुद्धा. प्रश्न चिल्लर नाही. आपल्या बरोबर वागण्याने शेवटी काहीच फरक पडत नसेल, तर बरोबर का वागायचं? फळाची आशा सोडून कर्म करावं, हे उत्तर तयार आहे. पण सकाळी पावणेसातला, हातात ताकाची चिकट पिशवी असताना, ते पुरत नाही.

मला पुरलं ते उत्तर फाटकापाशी मिळालं. डबा आणि गाडी यांच्यामध्ये एक माणूस असतो, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. आमच्याकडे कचऱ्याला येणाऱ्या मावशी गाडी यायच्या आधी फाटकाशी बसून हाताने निवडतात. कागद, बाटल्या, पत्रा, जे विकेल ते त्यांचं. आमटी सांडलेला कागद म्हणजे बुडालेला पैसा. काच उघडी टाकली तर बोट. मी एकदा पृथ्वीविषयी काही बोलायला लागलो, तर म्हणाल्या, “काका, पृथवीचं तुमी बगा. मला माजी बोटं हायेत धा, ती ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं.”

पुण्यात १९९३ साली या लोकांनी आपली संघटना काढली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच सगळा धंदा आला. त्यांच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. त्यांचं घरोघरच्या बायकांना एक साधं मागणं होतं: सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही. ठिपका काढायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत एक माणूस दुसऱ्या माणसाला सांगतो, की तू आहेस हे मला माहीत आहे.

आपण ‘कचरा टाकला’ म्हणतो, ते क्रियापदच फसवं आहे. टाकला म्हणजे संपला असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडे. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा ती गावं रस्त्यावर उतरली. शहराच्या लेखी जे ‘बाहेर’ होतं, ते कुणाचं तरी घर होतं. म्हणून मी आता पृथ्वी वाचवत नाही. तेवढा माझा आवाका नाही. बाटली विसळतो, काच कागदात गुंडाळतो, ओल्यात सुकं जाऊ देत नाही. खाली गाडीत काय होतं त्याबद्दल तक्रारअर्जही करतो. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत मावशींची बोटं वाट पाहू शकत नाहीत.

हे सगळं मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांगितलं. गृहस्थांनी चष्मा काढून ऐकून घेतलं आणि मत बदललेलं नसल्याचं कळवलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या दारात सुक्या कचऱ्याची पिशवी दिसली. आत वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं काहीतरी, सुतळीने बांधलेलं, आणि वर कोर्टाच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘सावध. फुटकी काच. मूळ आक्षेप अबाधित ठेवून.’