ईश्वराचा काळ आणि मंडळीचे काम

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशाची थट्टा करण्यासाठी वापरतो, आणि तिच्या उत्तरादाखल 'प्रयत्नांती परमेश्वर' असे म्हणून प्रश्न सुटला असे समजतो. एकट्याच्या कामापुरता तो सुटतही असेल. परंतु सार्वजनिक कार्यात प्रयत्न अनेकांचा असतो, द्रव्य दुसऱ्यांचे असते आणि फळ केव्हा पदरी पडेल हे कोणाच्याच हाती नसते. तेथे ईश्वरावर भिस्त ठेवणे म्हणजे नेमके काय करणे?

हा प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. कोपर येथे आमच्या वस्तीतील मुलांसाठी वाचनालयाची लहानशी इमारत व्हावी म्हणून आम्ही वर्गणी जमवीत होतो. खजिनदारी माझ्याकडे होती. दोन वर्षे झाली तरी निम्मी रक्कमही जमेना. तेव्हा एका धनिक गृहस्थाने उरलेले सर्व पैसे देऊ केले. अट एवढीच की, कारभार त्याच्या माणसांच्या हाती असावा. मी ती अट पत्करण्याच्या बेतात होतो. त्याच सुमारास ठाण्यातील एका बेने इस्रायल स्नेह्याकडे माझे जाणे झाले. १८७९ साली बांधलेल्या तेथील 'शाआर हाशामायिम' या सिनेगॉगमध्ये तो नेमाने तोराच्या वाचनास जातो. माझी अडचण ऐकून त्याने उपदेश केला नाही. तोरातील दोन कथा मात्र सांगितल्या.

पहिली मान्नाची. अरण्यात इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळे, हे सर्वश्रुत आहे. पण ते खाटल्यावर पडत नसे. छावणीबाहेर पसरलेले ते अन्न सकाळी उठून वेचावे लागे. ऊन तापले की ते वितळून जाई. उद्याची तरतूद म्हणून ठेवले तर त्यात किडे पडत. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते शब्बाथसाठी टिके. सातव्या दिवशीही काही लोक वेचावयास गेलेच, आणि रिकाम्या हाताने परतले. आळशी आणि अधीर या दोघांनाही या कथेत सारखीच शिक्षा आहे.

दुसरी कथा निवासमंडपाची. त्यासाठी लोक स्वखुशीने इतके आणू लागले की, कारागीर काम सोडून मोशेकडे आले व म्हणाले, 'हे गरजेपेक्षा अधिक होत आहे.' तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटून देणग्या थांबविल्या. आणखी एक गोष्ट रब्बींची परंपरा सांगते. मंडपाचे सारे भाग किस्लेव महिन्यातच सिद्ध झाले होते. उभारणी मात्र निसानच्या पहिल्या दिवशी झाली. सुमारे तीन महिने त्या फळ्या आणि ते पडदे तसेच पडून राहिले. काम पुरे करणे माणसांकडे होते. मुहूर्त त्यांच्याकडे नव्हता.

माझ्या स्नेह्याच्या पूर्वजांनी हा धडा ग्रंथावाचून गिरविला होता, हे मला विशेष वाटते. कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आठवड्यातील एका दिवसाची मिळकत सोडून देणे गरिबाला सोपे नसते. तोराची पोथी जवळ नाही, सिनेगॉग नाही, अशा स्थितीत त्यांनी पिढ्यानपिढ्या हा नेम राखला. त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. ठाण्याचे त्यानंतर ८३ वर्षांनी झाले. वास्तू उशिरा आली, पण तिच्यासाठी शनिवार थांबला नव्हता.

मी त्या गृहस्थास नम्रपणे नकार कळविला. पण हा निर्णय स्वस्तात पडला असे मी म्हणणार नाही. इमारत आजही झालेली नाही, आणि जी मुले तेव्हा दहा वर्षांची होती ती आता महाविद्यालयात जातात. 'ईश्वराच्या मनात येईल तेव्हा होईल' असे त्यांना सांगण्याचा अधिकार मला आहे काय? विचार करता मला माझी चूक दिसली, आणि ती नकार देण्यात नव्हती. इमारतीची वाट पाहताना आम्ही वाचनही थांबवून ठेवले होते. रोजचा मान्ना दारात पडत होता आणि आम्ही कोठाराचा नकाशा काढीत बसलो होतो.

आता एका सभासदाच्या ओसरीवर दोन कपाटे आहेत आणि संध्याकाळी मुले तेथे येऊन वाचतात. वर्गणी सावकाश जमते आहे. इमारत केव्हा व्हावी हे मी ईश्वरावर सोपविले आहे; ओसरीचे दार संध्याकाळी वेळेवर उघडणे मात्र त्याच्यावर सोपविता येत नाही. ते आमच्याकडेच आहे.