व्यसनी मातेला प्रश्न विचारायचा कसा?

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की महाराष्ट्रात राळेगणसिद्धीचे नाव निघतेच. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ साली गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी पारनेर तालुक्यातील या दुष्काळी गावात यादवबाबांच्या मंदिरात सभा घेतली आणि तीसहून अधिक दारूभट्ट्या मालकांनी आपणहून बंद केल्या. पुढे दुकानांतील तंबाखू, विड्या, सिगारेटी गोळा करून होळीत जाळल्या गेल्या. तरीही पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फटके देण्यात आले. हे अण्णांनी कधी लपवले नाही. आजारी लेकराला आई कडू औषध पाजतेच ना, अशा अर्थाचे त्यांचे समर्थन होते.

या युक्तिवादातील आई निरोगी आहे, औषध तिच्या हातात आहे. पण आईच व्यसनी असेल आणि तिला दिवस गेलेले असतील तर? मग खांबाला कोणाला बांधायचे?

‘आमच्यात बायका कुठे नशा करतात?’ असे उत्तर लगेच येईल. पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री, म्हणजेच मशेरी, कोणत्या वस्तीत नाही? दातांसाठी, पोट साफ व्हावे म्हणून, भूक मरावी म्हणून बायका ती दिवसातून अनेकदा लावतात. हिंदू-मुसलमान असा भेद त्या डबीला ठाऊक नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपणही सुमारे सहा दिवस आधी झाले. या स्त्रियांत मिश्री लावणाऱ्याच अधिक होत्या. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून दवाखान्यातही कोणी विचारत नाही. दारू पिणाऱ्या बाईचे उलटे आहे. तिला विचारण्याआधीच निकाल दिलेला असतो. एकीला प्रश्न नाही आणि दुसरीला फक्त शिक्षा, त्यामुळे उपचार दोघींनाही नाही.

आम्ही शिक्षक. बी.एड.च्या वर्गात आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. छडी हातात धरून विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर येत नाही, सुटकेचे उत्तर येते. डॉक्टर आणि नर्सबाईंच्या प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच व्हायला हवी, असे आम्हाला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत प्रत्येक गरोदर स्त्रीला दारू आणि इतर नशेबद्दल शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारावे, असे म्हटले आहे. सर्वांनाच विचारले की कोणा एकीवर बोट रोखले जात नाही.

पुढचे ज्ञान औषधांचे. रोज भरपूर पिणारीची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती दवाखान्यात, देखरेखीखाली सोडवावी लागते. अफूवर्गीय नशा असलेल्या गरोदर बाईला ‘आजपासून बंद’ असे सांगणे चूक आहे. तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन सांभाळावे लागते. हे न शिकलेला डॉक्टर नीतिमान असूनही अपाय करू शकतो. बाळंतपण करणारे आणि मनाचे आजार पाहणारे डॉक्टर वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि ही बाई दोन दारांच्या मधे राहते.

यावर एक आक्षेप खरोखर जड आहे. पोटातल्या जिवाने काय गुन्हा केला? त्याचा हक्क कोणी राखायचा? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. पण त्या जिवापर्यंत जायची वाट आईतूनच जाते. अमेरिकेत चार्ल्सटन शहरातील एका सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन सापडले की पोलिसांना कळवायचे धोरण धरले. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाचे राहो, पण जिथे तपासणीच्या टेबलावरून कोठडीत जायची भीती असते, तिथे कोणती बाई पाऊल टाकील? ती आली नाही तर बाळही आले नाही.

आमच्या दीनात दारू हराम आहे, त्यात शंका नाही. पण हा हुकूमही एका दिवसात आला नाही. आधी तिचे नुकसान फायद्याहून मोठे आहे हे सांगितले गेले, मग नशेत नमाजला उभे राहू नका म्हटले गेले आणि शेवटी पूर्ण बंदी आली. शिक्षा भोगलेल्या मद्यपीला एकाने शाप दिला तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्याला अडवले, अशी हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणजे कृत्याला वाईट म्हणणे आणि माणसाला टाकून देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्यातही सवलत देणारी शरियत तिची कमजोरी ओळखते. मग आपणच तिला का ओळखू नये?

बाळंतपणानंतरचा काळ तर अधिक नाजूक. गरोदरपणात बाळासाठी सोडलेली सवय जागरण, एकटेपणा, घरातली मारझोड यांनी परत येते. तेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाच्या वजनावर असते, आईची विचारपूस कोणी करत नाही. लस टोचायला आलेल्या बाईला नर्सबाई किंवा आशाताईने बाळासोबत तिच्याबद्दलही विचारले पाहिजे. परत सवय लागली असेल तर ‘शेवटी केलेसच ना?’ न म्हणता ‘पुन्हा सुरुवात करू या’ म्हणता आले पाहिजे. हे वाक्य आपोआप तोंडात येत नाही. त्याचा सराव करावा लागतो आणि त्यालाच आम्ही प्रशिक्षण म्हणतो.

राळेगणने गावातली भट्टी आणि दुकान बंद करून दाखवले, ते मोठेच काम. परंतु पदराच्या गाठीतली डबी होळीत टाकायला कोणी जबरदस्ती करू शकत नाही. ती बाई स्वतः उघडून दाखवील तेव्हाच दिसेल आणि जिच्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही, अशा नर्सबाईलाच ती दाखवील.