हिवाळ्यापूर्वी
(वाचावयाचा भाग : २ तीमथ्य ४:९–२१)



बंदिवासातून पौल प्रेषित तीमथ्यास पत्र लिहितो. त्यात तो आपला झगा मागवितो व हिवाळ्यापूर्वी येऊन पोहोचण्याची विनंती करितो. जे करावयाचे ते वेळेआधी करावे, हाच धडा शीत देशांतील माळीही आपणांस देतात.

फ्रान्स देशात व्हर्साय येथील राजवाड्याच्या बागेत १६८४ ते १६८६ या काळात एक विशाल दक्षिणाभिमुख दालन बांधण्यात आले. नारिंगाची झाडे उष्ण प्रदेशातील. कडक हिम त्यांस सोसत नाही. म्हणून ती लाकडी पेट्यांत लावून ऑक्टोबरात दालनात नेतात व मे महिन्यात पुन्हा बाहेर काढितात. आजही हा क्रम चालू आहे.

त्या देशांत साध्या घरच्या कुंड्यांचीही अशीच काळजी घेतात. उष्ण प्रदेशातील रोपांसाठी माळी हिमाची वाट पाहत नाही. रात्रीची हवा १० अंशांवर उतरण्यापूर्वीच कामास लागतो. पाने उलटून तो कीड शोधितो व धुऊन काढितो. कारण बंद घरात एका कुंडीची कीड सर्वांस लागते. मग रोप काही दिवस सावलीत ठेवून त्यास कमी उजेडाची सवय लावितो. आत नेल्यावर पाणी बेताने घालितो व खत थांबवितो. तरीही पुष्कळ पाने गळतात. परंतु शहाणा माळी रोप उपटीत नाही. साल किंचित खरवडून पाहतो, आणि खाली हिरवे दिसल्यास वसंताची वाट पाहतो.

उपदेशक बंधूंनो, नव्या विश्वासणाऱ्यांवरही हिवाळा येतो. भाऊबंद तुटतात, पीक बुडते, घरात मृत्यू येतो. त्या दिवशी प्रार्थना शिकवू म्हटल्यास उशीर झालेला असतो. सुखाच्या दिवसांतच त्यांस प्रार्थनेची सवय लावा. द्वेष व चहाडी ही कीड मंडळीत पसरण्यापूर्वी प्रथम आपल्याच अंतःकरणाची पाने उलटून पाहा. दुर्बळांवर एकदम मोठे ओझे लादू नका.

आणि ज्या कुटुंबाने उपासनेस येणे सोडले आहे, त्याचे नाव पटावरून खोडण्याची घाई करू नका. पाने गळाली म्हणजे मूळ मेले असे नाही. या आठवड्यातच त्यांच्या दाराशी जा, बसा, त्यांचे दुःख ऐका. कदाचित आत अजून हिरवे असेल.

आपला प्रभू चेपलेला बोरूही मोडीत नाही. तोच आपणा सर्वांस राखो. आमेन.