कारखान्याची वही संगणकावर नेण्याआधी

रोहा

चि. बाळास,


हमरापूरच्या आपल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याचा हिशेब दादाच्या वहीतून संगणकावर न्यायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. कोणत्या साच्याचे किती नग कच्चे गेले, किती रंगवून झाले, कोणाची आगाऊ रक्कम आली, हे आज फक्त दादाच्या डोक्यात असतं. श्रावण लागला की त्या डोक्याला उसंत नसते.

फ्रापे निवडलंस ते योग्यच केलंस. मुंबईत घडलेलं हे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली मोकळं आहे. पैसे पडत नाहीत आणि आतला कोड वाचताही येतो. इआरपीनेक्स्ट याच्यावरच उभं आहे, म्हणजे साठा आणि हिशेब हे त्याचं रोजचंच काम.

पण ‘इन्स्टॉल झालं, आता ऑर्डरी भरायला घेतो’ असं कळवलंस, तिथे मी तुला थांबवते. एकदा इन्स्टॉल झालं याला मी काम झालं म्हणत नाही. एक वेगळी वही घे, इन्स्टॉल करतानाची प्रत्येक पायरी तिच्यात लिही, मग सगळं पुसून टाक आणि फक्त त्या वहीवरून पुन्हा उभं कर. मध्ये गूगल करावं लागलं, तर वही अपुरी आहे असं समज. गणपतीच्या तोंडावर हार्ड डिस्क गेली, तर तुझ्या हातात ती वहीच असेल.

वहीत पहिल्या पानावर आवृत्त्या लिही. व्हर्जन १५ घेतलं असशील तर पायथॉन ३.१० किंवा पुढचा, नोड १८ आणि मारियाडीबी १०.६ लागतो, शिवाय रेडिस आणि यार्न. ‘लेटेस्ट टाकलं’ असं लिहू नकोस, आजचं लेटेस्ट वर्षभराने वेगळंच असतं. विंडोजवर हे सरळ चालत नाही, म्हणून उबुंटूच ठेव. बेंचसाठी, म्हणजे फ्रापे चालवणाऱ्या साधनासाठी, वेगळा युजर काढ, रूट म्हणून काही चालवू नकोस. परवानगीची एरर आली की पुढे सुडो लावायची सवय मुलांना फार असते. त्याने फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढची प्रत्येक कमांड अडते. मारियाडीबीच्या कॉन्फिगमध्ये यूटीएफ८एमबी४ आहे का, ते साइट काढण्याआधी बघ. गिऱ्हाइकांची नावं मराठीत भरायची आहेत ना?

आणि पावतीचं काय? याकडे कोणी आधी लक्ष देत नाही. स्क्रीनवर मराठी छान दिसतं, पीडीएफ काढली की नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात. स्क्रीनवरचा फॉन्ट तुझ्या लॅपटॉपचा असतो, पीडीएफ मात्र सर्व्हरवर बनते आणि नव्या उबुंटू सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो. नोटो सान्स देवनागरी टाक, मग पावती काढ आणि ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’ असलेलं एखादं नाव तपासून बघ. पीडीएफ बनवणारा डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ पॅच केलेल्या क्यूटीचा घे. उबुंटूच्या भांडारातला साधा घेतलास, तर पावतीवरचं कारखान्याचं शीर्षक गळतं.

मूर्तीच्या ऑर्डरीचा डॉकटाइप, म्हणजे नोंदीची रचना, करण्याआधी स्वतःचं ॲप काढ आणि डेव्हलपर मोड चालू कर. तरच तुझी रचना फाइलींत उतरते आणि गिटमध्ये ठेवता येते, नाहीतर ती नुसती डेटाबेसमध्ये पडून राहते. ऑर्डर ‘सबमिट’ होणारी ठेव. आगाऊ रक्कम घेतल्यावर नग किंवा उंची गुपचूप बदलता येऊ नये. बदलायचीच झाली तर रद्द करून दुरुस्त प्रत निघते आणि जुनी तशीच दिसत राहते. दादाला हे लगेच पटेल, वहीत तोही खाडाखोड न करता आडवी रेघ मारतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप. फाइलींसकट घेतलास की डेटाबेस, सार्वजनिक आणि खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या फाइली आणि साइट कॉन्फिग असं सगळं निघतं. कॉन्फिगची ती इवलीशी फाइल टाकून देऊ नकोस. तिच्यात एन्क्रिप्शनची किल्ली असते. ती हरवली तर डेटा परत येतो, पण ईमेलसारख्या सेवांचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. आणि जो बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत चढवून पाहिला नाही, त्याच्यावर विसंबू नकोस. पावसात वीज कधी जाईल ते आपल्याकडे सांगता येत नाही, म्हणून यूपीएसचा खर्च दादाकडून आधीच मंजूर करून घे.

एक प्रत कारखान्यात, एक रोह्याला माझ्याकडे. दिवा-रोहा गाडीने येशील तेव्हा पेनड्राइव्ह आण आणि ती वहीही. धाटावला कंपनीत मी सर्व्हरचंच काम करते, पण त्या दिवशी मी तुला काही विचारणार नाही. माझ्या रिकाम्या लॅपटॉपवर तुझ्या वहीवरून मी एकटीनेच सगळं उभं करीन आणि तुझा बॅकअप चढवीन. जिथे अडेन तिथे पेन्सिलने खूण करीन. तेवढं तू दुरुस्त करून आणलंस की खऱ्या ऑर्डरी भरायला माझी हरकत नाही. तोवर दादाची वही चालू राहू दे.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या