माफी कोणाकडे मागायची?



घरातल्या माणसाला आपण दुखावले तर माफी कोणाकडे मागायची हे आपल्याला ठाऊक असते. भाऊ कुंपणापलीकडे राहतो, शेजारीण रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर दिसते. त्यांच्याकडे जायला लाज वाटते, पाय अडतात, वर्षे जातात; पण निदान पत्ता तरी माहीत असतो. परंतु ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही आणि जो पुन्हा भेटेल अशी आशा नाही, अशा माणसाशी आपण चुकीचे वागलो तर? ती चूक घेऊन कोणाच्या दारी जायचे? गेल्या पावसाळ्यापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण हा प्रश्न काही ग्रंथात सापडला नाही. तो स्टेशनबाहेर सापडला.

जुलैमधला शनिवार होता. मुंबईतील एक बैठक आटोपून आम्ही लोकलने परतलो. आपल्या धर्मग्रामातील एका घरी त्या आठवड्यात मयत झाले होते आणि सात वाजता तेथे प्रार्थना होती. गाडीला उशीर झाला. उतरलो तेव्हा सातला दहा मिनिटे कमी. स्टेशनबाहेर एका बंद दुकानाचे शटर धरून एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते. पाय लटपटत होते. शर्ट ओला होता. आम्हाला पाहून त्यांनी हात पुढे केला आणि काहीतरी म्हटले, पण शब्द कळले नाहीत. आम्ही मनात म्हटले, शनिवारची संध्याकाळ, दुसरे काय असणार! आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने रिक्षाकडे निघून गेलो. प्रार्थना वेळेवर झाली. सांत्वनाचे चार शब्दही आम्ही बोललो.

सोमवारी त्याच वाटेने जाताना तेथे बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी हाक मारली. त्या आपल्या धर्मग्रामातल्या नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. पण येता-जाता आमची ओळख आहे. ‘फादर, परवाचा तो माणूस प्यायलेला नव्हता हो,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला साखरेचा त्रास. गोळी घेतली आणि दुपारचं जेवायचं राहिलं. चहावाल्याकडून साखर आणून दिली, तेव्हा माणसात आला. मग गेला गाडीने.’ आम्ही विचारले, ‘तुम्हाला कसे कळले?’ त्या म्हणाल्या, ‘मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जवळ गेले तर वास नव्हता.’

तेव्हा आमच्या लक्षात आले की पाऊस दुपारीच थांबला होता. तो शर्ट घामाने भिजला होता.

मधुमेही माणसाची साखर एकाएकी उतरली की त्याला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. दुरून पाहणाऱ्याला तो प्यायल्यासारखाच वाटतो. अर्धांगवायूच्या झटक्यातही बोलणे असेच अडखळते. हे सारे आम्हाला ऐकून माहीत होते. म्हणजे आमची चूक अज्ञानाची नव्हती. मग कशाची होती? आम्ही त्या माणसाचा द्वेष केला नाही, त्याला हिणवले नाही. आमच्याकडे फक्त दोन गोष्टी होत्या: घाई आणि तयार निकाल. आणि या दोघांची मैत्री फार जुनी आहे. घाईत असलेल्या माणसाला निकाल लवकर लागतो, कारण निकाल लागला की थांबावे लागत नाही.

सेमिनरीत असताना वाचलेला एक प्रयोग यानंतर आम्ही पुन्हा काढून वाचला. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यात धर्मशिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी होते. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक लहानसे भाषण करायचे होते. काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, काहींना दुसराच. वाटेत एका दारात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. त्याला मुद्दामच तेथे बसवले होते. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी मदत केली. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा १० जणांनीच. मनात शोमरोन्याचा दाखला घोळत असल्याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर त्याच दाखल्यावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले. सेमिनरीत हे वाचून आम्ही हसलो होतो. या वेळी हसू आले नाही.

यावरून कोणी म्हणेल की मग मनुष्याला दोष कशाला द्यायचा, दोष घड्याळाचा. तसे नाही. घड्याळ आपणच हातात बांधलेले असते. संत लूक यांच्या शुभवर्तमानातील तो दाखला, दहाव्या अध्यायातला, नीट पाहा. याजकाने पाहिले, लेवीनेही पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. तिघांच्या डोळ्यांत फरक नाही. फरक पायांत आहे. दोघे पलीकडून गेले, तिसरा जवळ गेला. तेल, द्राक्षारस, पट्टी, धर्मशाळा हे सगळे त्यानंतरचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्रातील एक पूर्ण प्रकरण याच दाखल्याला वाहिले, तेही वाटेवरच्या परक्या माणसाविषयी. आणि आमच्या मावशींनी तेच चार शब्दांत सांगितले. जवळ गेल्याशिवाय वास आहे की नाही हे कळत नाही.

आपल्या भागात परक्याविषयी दया नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, आणि आपल्यातले कितीतरी जण अंधारात पाण्यातून चालत घरी आले. वाटेत लोकांनी दोर धरले होते, चहा-बिस्किटे दिली, परक्या बायकामुलांना रात्रभर घरात जागा दिली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बाँबस्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे घरच्या चादरींत जखमींना उचलून घेऊन धावली. कोणी कोणाची जात-धर्म विचारला नाही. रोजच्या विरार गाडीतही, धावत येणाऱ्याला आत ओढून घेणारा हात अनोळखीच असतो.

मग जी माणसे महापुरात इतकी मोठी होतात ती साध्या शनिवारी इतकी लहान का होतात? आम्हाला असे वाटते की त्या रात्री कोणाला कुठली गाडी पकडायची नव्हती. पाण्याने सर्वांची घाई एकदम काढून घेतली होती. आणि समोरचा का भिजला आहे याचा निकाल लावण्याची गरज नव्हती. आपणही तसेच भिजलेलो होतो. साध्या दिवशी ही दोन्ही कामे पाऊस करीत नाही. ती आपल्यालाच करावी लागतात.

येथे काही जण विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: ‘फादर, पोलिसांचे लफडे मागे लागले तर?’ ही भीती जुनी आहे आणि पूर्वी ती खोटीही नव्हती. पण काळ बदलला आहे. जखमी माणसावर आधी उपचार, कागदपत्रे मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम त्याच न्यायालयाने २०१६ साली देशभर बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. रस्ते-अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यावर आता खटला चालवता येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्तीही नाही. या तरतुदीत त्याला इंग्रजीत जे नाव दिले आहे ते त्या शोमरोन्याचेच आहे. तेव्हा पोलिसांची भीती ही सबब आता फारशी टिकत नाही.

दुसरी शंका अशी की आपण फसवले जाऊ. होय, कधीतरी जाऊ. फसलो तर आपले पन्नास रुपये आणि अर्धा तास जाईल. न थांबल्याने चुकलो तर समोरच्याचे काय जाईल याचा हिशेब आपल्याकडे नसतो. अर्थात दया म्हणजे अविचार नव्हे. रात्री एकट्या मुलीने कोणाजवळ जावे असे आम्ही म्हणणार नाही. तिने चार पावले दूर राहून १०८ क्रमांकावर फोन केला, दुकानदाराला हाक मारली, तरी ती जवळच गेली असे आम्ही समजू.

आता चुकीकडे येऊ. चूक कळल्यावर मनुष्य दोन आडवाटांनी जातो. एक, सबब: मयताच्या घरी लोक खोळंबले होते, आम्ही देवाच्याच कामाला चाललो होतो. पण याजक आणि लेवीही बहुधा हेच म्हणाले असते. दुसरी वाट अधिक फसवी आहे, ती म्हणजे स्वतःला झोडपत बसणे. आठवडाभर आम्ही तेच केले. जेवण जाईना, प्रवचन सुचेना. मग ध्यानात आले की या साऱ्या दुःखात तो घामाने भिजलेला माणूस कुठेच नाही. सगळीकडे आम्हीच आहोत. आपण किती वाईट ठरलो याचे दुःख हा पश्चात्ताप नव्हे, तो दुखावलेला अहंकार आहे.

शेवटी आम्ही एका वयोवृद्ध धर्मगुरूंकडे प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रायश्चित्त दिले: ‘महिनाभर, कुठेही जायचे असले तरी दहा मिनिटे आधी निघायचे.’ आम्हाला वाटले, एवढेच? पण ॲरिस्टॉटलने सांगितलेले तत्त्व त्यात पुरते उतरले आहे. सद्गुण हा विचाराने येत नाही, सवयीने येतो. वीणा वाजवून वीणावादक होतो, तसा न्यायाने वागून माणूस न्यायी होतो. चांगले वागण्याचा निश्चय आम्ही आयुष्यभर करीत आलो. चांगले वागायला वेळ मात्र कधी ठेवला नव्हता. महिना संपला, पण ती दहा मिनिटे आम्ही अजून पाळतो. निदान प्रयत्न करतो.

त्या दहा मिनिटांची परीक्षाही लवकरच झाली. सप्टेंबरमध्ये त्याच रस्त्यावर गटाराच्या कडेला एक तरुण बसलेला दिसला. आम्ही जवळ गेलो. या वेळी वास होता. त्याने आम्हाला शिवी दिली, आमचा हात झिडकारला आणि थोड्या वेळाने रडू लागला. त्याला गटारापासून दूर बसवले, पाणी दिले, त्याच्या फोनवरून घरी कळवले. भाऊ येईपर्यंत थांबलो. मनात आले, समजा जुलैतला तो माणूस खरोखरच प्यायलेला असता, तर आमचे पलीकडून जाणे बरोबर ठरले असते काय? ‘तो दारुडा नव्हता’ या गोष्टीचा पश्चात्ताप करून आम्ही अर्धीच चूक ओळखली होती. दारुडाही माणूसच होता, आणि पाय त्याचेही लटपटत होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी दयेचा विचार करताना एक मार्मिक निरीक्षण केले आहे. जे स्वतःला इतके सुखी आणि बलवान समजतात की आपल्यावर कधी काही ओढवणार नाही, त्यांना दया येत नाही. वृद्धांना आणि दुबळ्यांना ती लवकर येते, कारण ही वेळ आपल्यावरही येऊ शकते हे ते जाणतात. चुकीचा उपयोग असलाच तर हा आहे. चूक आपल्याला बलवानांच्या रांगेतून काढून दुबळ्यांच्या रांगेत आणून उभी करते. मावशींना सारे सांगून आम्ही लाज व्यक्त केली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या फादर, मीही एकदा एकाला असंच सोडून गेले होते.’ त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही. पण त्या उठून जवळ का गेल्या, याचे उत्तर आम्हाला मिळाले.

तो माणूस आम्हाला पुन्हा भेटला नाही. भेटला तरी ओळखू येईल असे नाही. आम्ही त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. मग माफी कोणाकडे मागायची? परमेश्वराकडे मागितली, आणि त्याची दया मोठी आहे. पण त्या माणसाचे देणे आमच्याकडे उरलेच आहे. ते आता त्याला देता येत नाही, म्हणून जो पुढचा अनोळखी माणूस हात पुढे करील त्याला द्यायचे. मावशींनी त्यांचे देणे असेच फेडले असावे, आणि त्या दिवशी ते आमच्या वाट्याच्या माणसाला मिळाले.

प्रत्येक मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. पुढच्या रविवारी ती देताना आपल्यापैकी प्रत्येकाने एक क्षण थांबून, आपण पलीकडून गेलो असा एखादा चेहरा आठवावा. चेहरा आठवत नसेल तर जागा आठवावी. आणि घरी जाताना वाटेत दहा मिनिटे हाताशी ठेवावीत.

प्रभू आपणां सर्वांना जवळ जाण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू